एकाच भांड्यातलं मिश्रण, दोन वेगळे केक

एका भांड्यात फेटलेलं मिश्रण दोन सारख्या टिनमध्ये ओतलं आणि एकाच ओव्हनमध्ये एकापाठोपाठ भाजलं. पहिला केक पाच सेंटिमीटर उंच झाला, दुसरा जेमतेम साडेतीनवर अडला. दोन्हींची चव खाताना बरी वाटायची, पण घास गिळल्यावर जिभेवर साबणासारखं काहीतरी रेंगाळायचं. घरून ऑर्डर घेऊन केक करणाऱ्या एका परिचित बाईंची ही तक्रार. त्यावरचा उपाय त्यांनी स्वतःच ठरवला होता, तो म्हणजे बेकिंग पावडर वाढवायची. तसं केल्यावर प्रकरण सुधारायच्या ऐवजी चिघळलं, म्हणून ते माझ्यापर्यंत आलं.

केक फुगला नाही की पावडर कमी पडली, असं आपण सहज म्हणतो. या प्रकरणात पावडर कमी नव्हती आणि गॅसही कमी नव्हता. गॅस चुकीच्या वेळी येत होता आणि तो धरून ठेवणारं तेव्हा काही तयार नव्हतं. फुगण्याचे बहुतेक बिघाड मुळात वेळेचे असतात, असं माझं मत आहे, आणि हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारणही तेच.

काय बदललं होतं?

बाईंची कृती जुनी आणि चांगली बसलेली होती. वीस सेंटिमीटरच्या एका टिनसाठी मैदा १८० ग्रॅम, कोको ४०, साखर २००, दही २४०, तेल १००, दोन अंडी, पाऊण टीस्पून खायचा सोडा (सुमारे साडेतीन ग्रॅम) आणि एक टीस्पून बेकिंग पावडर (सुमारे चार ग्रॅम). ओव्हन १७५ अंशांवर. या मापात त्यांचा केक वर्षानुवर्षं व्यवस्थित होत होता.

मग दोन गोष्टी एकदमच बदलल्या. दोन थरांच्या केकला मागणी वाढली, म्हणून त्या सगळं दुप्पट घेऊन एकदाच फेटू लागल्या. ओव्हनमध्ये मात्र एकच टिन मावत होता. पहिला टिन भाजून बाहेर येईपर्यंत दुसरा ओट्यावर थांबायचा, साधारण चाळीस मिनिटं. दुसरं म्हणजे केक जास्त काळाभोर दिसावा म्हणून त्यांनी नेहमीचा कोको सोडून गडद रंगाचा 'डच प्रोसेस' कोको घेतला.

दोन बदल एकाच वेळी झाले की दोष कुणाचा हे कळणं अवघड होतं. पहिल्यांदा बाईंना कोकोचा संशय आला, नंतर दह्याचा, मग ओव्हनचा. शेवटी पावडर दुप्पट केली आणि सोडाही अर्ध्या चमच्याने वाढवला. त्यानंतर पहिला केक ओव्हनमध्ये टिनच्या काठावर चढला आणि भाजून होता होता मध्ये खचला. दुसरा होता तसाच बसका राहिला, वर साबणाची चव वाढली. "अहो, मिश्रण एकाच भांड्यातलं, मग दुसऱ्यालाच काय होतं?" हा त्यांचा प्रश्न. प्रश्न अगदी नेमका होता आणि उत्तराची सुरुवात त्यातच होती. मिश्रण एकच, टिन सारखे, ओव्हन एक. वेगळी होती ती फक्त चाळीस मिनिटं.

कापलेला केक काय सांगतो

मी आधी दोन्ही केक मधोमध उभे कापायला सांगितले. बिघडलेला केक वरून बघून काही कळत नाही, जाळी पाहावी लागते. पहिल्या केकची (पावडर वाढवण्याच्या आधीच्या) जाळी बारीक आणि बरीचशी सारखी होती, फक्त कापलेला भाग जरा जास्तच काळपट-लालसर दिसत होता. दुसऱ्याचं चित्र निराळं. तळाशी बोटभर जाडीचा गच्च, ओलसर पट्टा, त्यात छिद्रं जवळजवळ नाहीत. मध्यावर थोडी जाळी. आणि वरच्या सालीच्या लगेच खाली वाटाण्याएवढी मोठी, लांबट भोकं, काही एकमेकांत फुटलेली.

हे पाहिल्यावर 'सोडा मेला होता' हे स्पष्टीकरण पुरत नाही. सोडा नुसता निकामी असता तर सगळा केक सारखाच गच्च झाला असता. इथे बुडबुडे झाले होते, मोठेही झाले होते, वर सरकले होते आणि बरेचसे फुटून गेले होते. म्हणजे गॅस आला होता, पण केक ओव्हनमध्ये जायच्या आत.

गॅसचा हिशेब

खायचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट. त्याला ओलावा आणि आम्ल मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम गॅस, आणि खोलीच्या तापमानाला त्याचं आकारमान साधारण २४ लिटर. या हिशेबाने बाईंच्या एका टिनमधला साडेतीन ग्रॅम सोडा पूर्ण वापरला गेला तर एक लिटर गॅस देतो. चार ग्रॅम बेकिंग पावडरमधून (चांगल्या पावडरमध्ये वजनाच्या १२ ते १४ टक्के गॅस मिळतो) आणखी पाव लिटरहून थोडा जास्त. म्हणजे एकूण सव्वा लिटरच्या वर.

आता केकला लागतो किती, ते पाहू. वीस सेंटिमीटरच्या टिनमध्ये कच्चं मिश्रण पाऊण-एक लिटर भरतं. भाजलेला पाच सेंटिमीटर उंचीचा केक दीड लिटरच्या आसपास. वाढ झाली ती पाऊण लिटरभर, आणि त्यातही सगळी वाढ सोड्याची नसते. मिश्रणात फेटलेली हवा २५ अंशांवरून ९५ अंशांवर तापते तेव्हा ती स्वतःच जवळपास चौथ्या हिश्श्याने प्रसरण पावते. पाण्याची वाफ बुडबुड्यांत शिरते ती वेगळीच. वाफेची ताकद मोठी असते: पाण्याची पूर्ण वाफ झाली तर आकारमान १६०० पटींहून जास्त होतं. शू पेस्ट्री आणि पफ पेस्ट्री तर निव्वळ वाफेवर फुगतात.

म्हणजे चांगल्या झालेल्या केकमध्येही सोड्याच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त वाया जातो. फेटताना उडतो, टिनमध्ये ओतताना उडतो, वरची साल धरण्याआधी उडतो. टंचाई नाहीच, उलट गॅस मुबलक आहे. ही आकडेमोड बाईंच्या समोर मांडली तेव्हा पावडर वाढवण्याचा मुद्दा आपोआप मागे पडला.

सोडा बुडबुडे तयार करत नाही

हा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण बहुतेक कृतींमध्ये तो सांगितलेलाच नसतो. सोडा किंवा पावडर मिश्रणात नवे बुडबुडे जन्माला घालत नाही. आधीपासून असलेले बुडबुडे ती फक्त फुगवते.

बुडबुडा जितका लहान, तितका त्याच्या भिंतीचा ताण आतल्या हवेला जास्त दाबतो. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, तसंच. शून्यातून बुडबुडा निर्माण करायचा तर दाब इतका प्रचंड लागेल की मिश्रणात विरघळलेला गॅस त्या वाटेला जातच नाही. तो आयत्या बुडबुड्यांत शिरतो. बेकर आणि माइझ या संशोधकांनी १९४१ मध्ये पावाच्या कणकेवर हे दाखवून दिलं: जाळीची बीजं कणीक मळताना आत कोंडलेल्या हवेतून येतात. हवेतला ऑक्सिजन यीस्ट संपवतं, कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, उरतो तो नायट्रोजन. त्याचे सूक्ष्म बुडबुडे टिकून राहतात आणि पुढचा सगळा गॅस त्यांच्यात भरला जातो.

केकमध्ये ही बीजं लोणी-साखर किंवा अंडी-साखर फेटताना पेरली जातात. म्हणून फेटण्याकडे काणाडोळा करून पावडरवर भिस्त ठेवली, तर मोजके बुडबुडे अवाढव्य फुगतात आणि जाळी राकट होते. उलट नीट फेटलेल्या मिश्रणात निम्म्या पावडरीतही बारीक, लुसलुशीत जाळी पडते.

आता ओट्यावर थांबलेला दुसरा टिन डोळ्यांसमोर आणा. मिश्रण पातळसर, त्यात तेल आणि दही. लहान बुडबुड्यांत दाब जास्त म्हणून त्यांच्यातला गॅस हळूहळू विरघळून शेजारच्या मोठ्या बुडबुड्यांत जातो. लहान नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे होतात. मोठे झाले की वर तरंगतात, पृष्ठभागाशी फुटतात. चाळीस मिनिटांत तळाशी बीजंच उरत नाहीत. मग ओव्हनची उष्णता मिळाली तरी फुगवायचं काय? तळाचा गच्च पट्टा आणि सालीखालची भोकं, दोन्हींचा उलगडा इथे होतो. दुसऱ्या टिनने गॅस गमावला हे खरं, पण गॅस साठवायच्या जागा गमावल्या हे नुकसान त्याहून मोठं.

दोन दोष वेगळे करणं

कारण पटलं तरी ताडून बघायला हवं होतं, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरलं. पावडर आणि सोडा पूर्ववत केला.

आधी जुना कोको, बाकी सगळं तसंच: एकदम फेटणं, दुसरा टिन थांबवणं. साबणाची चव गेली, दुसरा केक मात्र बसकाच. मग नवा कोको, पण दुसऱ्या टिनचं मिश्रण पहिला बाहेर यायच्या वेळी ताजं कालवलेलं. दोन्ही केक सारखे उंच झाले, चव मात्र साबणासारखी. एवढ्यावर प्रकरणाचे दोन तुकडे स्वच्छ वेगळे झाले. उंचीचा दोष थांबण्यामुळे, चवीचा दोष कोकोमुळे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. बाई इतके दिवस दोन्हींना एकच रोग समजून एकच औषध देत होत्या.

पावडरचा डबा

थांबलेलं मिश्रण वाया जातं हे सगळ्याच पावडरींना सारखं लागू नाही. बेकिंग पावडर म्हणजे सोडा, एक किंवा दोन कोरडी आम्लं आणि ओलावा शोषायला स्टार्च. सगळा खेळ त्यातल्या आम्लाचा आहे. क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे पोटॅशिअमचं टार्टरेट, पाणी लागताच कामाला लागतं आणि काही मिनिटांत संपतं. मोनोकॅल्शिअम फॉस्फेटही फेटतानाच निम्म्याहून जास्त गॅस सोडून देतं. सोडिअम अ‍ॅसिड पायरोफॉस्फेट बराचसा साठा उष्णतेसाठी राखून ठेवतं, तर सोडिअम अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट ओव्हनमध्ये तापल्याशिवाय जवळजवळ जागचं हलत नाही. एक चपळ आणि एक संथ आम्ल एकत्र घातलं की त्याला डबल अ‍ॅक्टिंग पावडर म्हणतात.

डब्यावर हे बहुधा शब्दांत लिहिलेलं नसतं, क्रमांक असतात. ५०० म्हणजे सोड्याचा गट, ३३६ टार्टरेट, ३४१ कॅल्शिअम फॉस्फेट, ४५० पायरोफॉस्फेट, ५२१ आणि ५४१ अ‍ॅल्युमिनिअमवाली. बाईंच्या डब्यावर ५०० आणि ३३६ एवढेच होते.

तरीही ग्लासात पाहून घेतलं. पावडर चांगली आहे का हे बघायला ती गरम पाण्यात टाकतात, पण त्यातून गॅस येतो एवढंच कळतं, केव्हा येतो ते कळत नाही. म्हणून एक चमचा पावडर आधी गार पाण्यात टाकली. सरसरून फेस वर आला, काठापर्यंत चढला आणि बघता बघता खाली बसला. पाणी ढवळून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, मग त्यात उकळतं पाणी ओतलं. किरकोळ बुडबुडे उठले, पाण्यात विरघळलेला गॅस तेवढा बाहेर पडला, बस. दुसऱ्या ग्लासात डबल अ‍ॅक्टिंग पावडर होती. गार पाण्यात तिचा फेस बेताचाच आला. उकळतं पाणी पडताच मात्र ती पुन्हा उसळली, पहिल्यापेक्षा जोरात. बाई बराच वेळ त्या दुसऱ्या ग्लासाकडे बघत होत्या.

या फरकामागे मोठा इतिहास आहे. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी पत्नीला यीस्ट चालत नव्हतं म्हणून क्रीम ऑफ टार्टरची पावडर बनवली. ती चपळ होती, कालवलं की लगेच भाजायला लागायचं, शिवाय टार्टर वाइनच्या पिंपांतून मिळणारं, त्यामुळे महाग. अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये कॅल्शिअम फॉस्फेटच्या आम्लाचं पेटंट घेतलं. नंतर अ‍ॅल्युमिनिअमची संथ आम्लं आली आणि मिश्रण थोडा वेळ थांबू शकेल अशी पावडर हाती आली. बाईंची अडचण नवी नव्हती. डबल अ‍ॅक्टिंग पावडर निघाली ती अशाच अडचणींवर.

मग नुसती पावडर बदलून भागलं असतं का? तेही करून पाहिलं. थांबलेल्या टिनची उंची साडेतीनवरून सव्वाचारपर्यंत गेली, पाचला पोचली नाही. कारण या कृतीत मोठा वाटा पावडरचा नाहीच, तो सोडा आणि दह्याचा आहे. दह्यातलं लॅक्टिक आम्ल आधीच पाण्यात विरघळलेलं असतं, त्यामुळे सोडा पडताच क्रिया सुरू होते आणि काही मिनिटांत आटोपते. तिथे कोणत्याही डब्याचा उपयोग नाही.

साबणाची चव कुठून आली

आता दुसरा तुकडा. साधा कोको किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (pH, ७ च्या खाली म्हणजे आम्लधर्मी) सहसा ५.३ ते ५.८. डच प्रोसेस कोकोवर अल्कलीची, बहुधा पोटॅशिअम कार्बोनेटची, प्रक्रिया केलेली असते. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समध्ये कोनराड व्हान हाउटन यांनी ती रूढ केली. त्यामुळे कोको गडद होतो, चव सौम्य होते, आणि सामू ७ च्या आसपास, कधी ८ पर्यंत जातो. म्हणजे सोड्याला द्यायला त्याच्याकडे आम्ल उरत नाही.

बाईंच्या कृतीत दह्यात किती सोडा मुरू शकतो? दह्यात साधारण ०.९ टक्के लॅक्टिक आम्ल धरलं तर २४० ग्रॅम दह्यात ते दोन ग्रॅमच्या थोडं वर भरतं आणि त्याला जवळजवळ बरोबर दोन ग्रॅम सोडा लागतो. 'एक कप दह्याला अर्धा टीस्पून सोडा' हे जे माप पिढ्यान्पिढ्या चालत आलंय ते याच हिशेबाला येऊन मिळतं, याचं मला फार कौतुक वाटतं. प्रयोगशाळा नसताना केवळ जिभेने ते ठरवलं गेलं. दही जितकं आंबट तितका सोडा जास्त खपतो, म्हणून दररोज वेगळ्या आंबटपणाचं दही वापरणाऱ्याचा केकही दररोज वेगळा होतो.

बाईंच्या टिनमध्ये सोडा साडेतीन ग्रॅम. दोन ग्रॅम दह्याने घेतला. उरलेला दीड ग्रॅम जुन्या कोकोने आणि मिश्रणातल्या इतर बारीकसारीक आम्लाने सांभाळून घेतला असावा, निदान चव बिघडेल इतका शिल्लक राहत नव्हता. नव्या कोकोने तो तसाच सोडला. आम्लाशिवाय सोडा उष्णतेनेही विघटित होतो, पण तेव्हा गॅस निम्माच देतो आणि मागे सोडिअम कार्बोनेट ठेवतो, म्हणजे धुण्याच्या सोड्याचाच पदार्थ. दीड ग्रॅमचं पूर्ण विघटन झालं तर जवळपास एक ग्रॅम. साबणाची चव ती हीच. केकच्या पोटात तापमान शंभराच्या खालीच राहत असल्याने थोडा सोडा सोडा म्हणूनही उरतो, त्याचा खारट-तुरटपणा वेगळा.

गंमत अशी की पहिल्या टिनमध्ये याचा उंचीवर परिणाम दिसलाच नाही. हिशेब केला तर नव्या कोकोनेही गॅस १.१ लिटरच्या आसपास मिळतोच, गरजेपेक्षा जास्त. म्हणूनच केक उंच दिसायचा आणि चव मात्र बिघडायची. रंगही फसवत होता. शिल्लक अल्कलीमुळे कोको आणखी काळा-लाल होतो, साल लवकर करपल्यासारखी तांबूस होते, आणि गिऱ्हाइकांना तोच काळाभोर रंग आवडत होता.

जास्त पावडरीने केक खचतो का?

पावडर दुप्पट आणि सोडा वाढवल्यावर पहिला केक खचला, ते का? ओव्हनमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एकीकडे गॅस बुडबुड्यांना ताणतो, दुसरीकडे मैद्याचा स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि अंड्याची प्रथिनं गोठतात, त्यातून सांगाडा तयार होतो. सांगाडा धरला की बुडबुड्यांच्या भिंती फुटून एकमेकांना जोडल्या जातात. फेसाचा स्पंज होतो. त्या क्षणापर्यंत गॅस भिंतींनी तोलून धरायचा असतो.

साखर हा क्षण लांबवते. नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च साठीच्या घरात फुगू लागतो, पण या केकइतकी साखर असली की तोच टप्पा ऐंशी अंशांच्या पुढे जातो. अंड्यांचंही तसंच. चपळ पावडरचा आणि सोड्याचा गॅस त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. जास्त गॅस आला की भिंती पातळ ताणल्या जातात, सांगाडा धरण्याआधीच फुटतात, बुडबुडे एकमेकांत मिसळतात. केक वर चढलेला दिसतो खरा, पण आत आधार नसतो. मध्यभागाला उष्णता सगळ्यात शेवटी पोचते, म्हणून खड्डा मध्येच पडतो.

याच सुमाराला कुणीतरी बाईंना बेकरीतला अमोनिया, म्हणजे अमोनिअम बायकार्बोनेट, वापरायला सुचवलं होतं. तो पातळ, कोरड्या बिस्किटांसाठी उत्तम, कारण त्यातून सुटणारा अमोनिया उडून जातो. पाच सेंटिमीटर जाड, ओलसर केकमध्ये तो अडकतो आणि खाववत नाही. यीस्टचाही इथे उपयोग नाही. ते तासन्‌तास सावकाश गॅस देतं आणि तो धरायला मळलेल्या कणकेचं बळकट ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, लागतं. या पातळ, साखरेने भरलेल्या मिश्रणात दोन्ही नाही.

काय बदललं

गडद कोको ठेवला, कारण रंग हवाच होता. सोडा एका टिनला दोन ग्रॅमवर आणला, दही पचवेल तेवढाच, आणि तो चमच्याऐवजी वजनकाट्यावर मोजायचा असं ठरलं. चमचा सपाट की शिगोशीग यात सोड्याचं वजन सहज दीडपट होतं. बेकिंग पावडर सहा ग्रॅम केली आणि ती डबल अ‍ॅक्टिंग घेतली. एकूण गॅस आता एक लिटरच्या आसपास येतो, म्हणजे आधीच्या सव्वा लिटरपेक्षा कमी.

मिश्रण कालवायची पद्धतही बदलली. मैदा, कोको, सोडा, पावडर एकत्र दोनदा चाळून वजनाने दोन भागांत ठेवायचं. चाळणं आळसाने टाळू नये, सोड्याची गुठळी राहिली तर त्या जागी काळा, कडू ठिपका येतो. अंडी, साखर, तेल, दही एकत्र फेटून त्याचेही दोन भाग. पहिला टिन ओव्हनमधून निघायच्या पाच मिनिटं आधी दुसरा ओला भाग पुन्हा मिनिटभर जोरात फेटायचा, म्हणजे विरलेली बीजं परत पेरली जातात, मग त्यात कोरडा भाग कालवून लगेच भाजायला ठेवायचा. कोरडं पडल्यावर मात्र पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळायचं, त्यापुढे नाही.

दोन्ही थर आता पाच सेंटिमीटरच्या आसपास येतात, जाळी दोन्हींची सारखी, तळाला पट्टा नाही, साबणाची चव नाही. रंग किंचित फिकट झाला, तो बाईंना आधी खटकला. कोकोत थोडं कढत पाणी घालून आधी भिजवून घेतल्यावर तो बराच परत आला. पाणी तेवढंच दह्यातून वजा केलं, त्यामुळे आम्ल घटलं आणि सोडा आणखी एक चिमूट कमी करावा लागला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माथ्यावर मधोमध तडा जातो. साल आधी धरते आणि आतला संथ पावडरचा गॅस नंतर येतो, त्यामुळे तो वाट फोडून बाहेर पडतो. ओव्हन १६५ अंशांवर आणून भाजण्याचा वेळ थोडा वाढवल्यावर तडा कमी झाला, गेला नाही. बाईंना आता पंचवीस सेंटिमीटरचा खोल टिन वापरायचा आहे. त्यात मध्यभाग आणखी उशिरा धरेल, म्हणून मैद्याच्या प्रमाणात पावडर थोडी उतरवूनच सुरुवात करायची, असं ठरलंय.